टिटवीनं अडवलेली जागा

एप्रिल २०२२ मधली गोष्ट. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या खुल्या जागेवर मुरमाचा टिप्पर येऊन उभा होता. जागा सपाट करून तिथं गाड्या लावायच्या, असं बहुमतानं ठरलं होतं. मी विरोधात होते, पण हरले होते. तेवढ्यात समोरच्या आक्का पदर खोचत धावत आल्या. "ओ मॅडम, थांबवा की त्यांना! टिटवीनं अंडी घातल्यात तिथं!"

मुरमात एक उथळ खळगा, भोवती बारीक खडे आणि मधोमध खड्यांच्याच रंगाची चार अंडी. जवळ जाऊन वाकून पाहिलं तरच दिसत होती. नर-मादी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होते. टिप्परच्या ड्रायव्हरनं गाडी बंद केली, खाली उतरून पाहिलं आणि म्हणाला, "मी नाही ओ चालवणार ह्याच्यावरनं." मुरूम दुसरीकडे गेला.

टिटवीची अंडी उबायला साधारण अठ्ठावीस दिवस लागतात. तेवढे दिवस आम्ही चार दगड रोवून सुतळी बांधली. पोरांनी वही केली: सकाळी कोण बसलं, दुपारी कोण बसलं, कुत्रं आलं का. भर उन्हात टिटवी नळाजवळच्या डबक्यात जाऊन पोटाची पिसं भिजवायची आणि परत येऊन अंड्यांवर बसायची. अंडी गार ठेवायची तिची ही रीत मी साठीत पहिल्यांदा पाहिली, आणि भूगोल शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली होती. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला होतो, असं आपल्याकडे म्हणतात. त्यामुळे कधी बैठकीला न येणारे अण्णासुद्धा काठी टेकत जागा उंच आहे का ते बघायला आले. पिल्लं अंड्यातून बाहेर आली त्याच दिवशी चालायला लागली आणि दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं झालं. पण तोवर कॉलनीतल्या बावीस घरांचं त्या तुकड्याशी नातं जुळलं होतं. पार्किंगचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्याआधीचं अपयशही सांगते, कारण आम्ही त्यातूनच शिकलो. जुलै २०२१ मध्ये आम्ही मोठ्या उत्साहानं साठ रोपं लावली होती. गुलमोहर, सप्तपर्णी, रेन ट्री, जे फुकट मिळालं ते सगळं. कडक मुरमात फूटभर खड्डे घेतले. सोलापुरात वर्षाला पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, नळाला तेव्हा पाणी चार-पाच दिवसांआड, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ वर. पुढच्या मे अखेर अकरा रोपं उरली. त्यातली नऊ कडुनिंब आणि करंजाची होती. इथं काय जगतं, ते जमिनीनं आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

मग आम्ही थांबलो आणि आधी कागद हातात घेतले. कॉलनीचं रेखांकन, म्हणजे लेआउट, मंजूर होताना साधारण १० टक्के जागा खुली सोडावी लागते. ती कुणाच्या ताब्यात आहे आणि नकाशात तिचा वापर काय दाखवलाय, हे कळल्याशिवाय कुदळ मारू नये. मंजूर नकाशाची प्रत मिळवायला एका कचेरीत आम्हाला चार महिने हेलपाटे घालावे लागले. तीनदा फाईल 'सापडत नाही' असं ऐकलं. चौथ्यांदा आम्ही सात बायका एकत्र गेलो आणि फाईल येईपर्यंत बाकावर बसून राहिलो. कुणाला हे करायचं असेल तर सभेचा ठराव, प्रत्येक घराची सही आणि प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या. पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका.

दरम्यान एका रविवारी पोरांना घेऊन बार्शी रस्त्यावर नान्नजला गेलो. माळढोक पक्ष्यासाठी तिथं १९७९ मध्ये अभयारण्य झालं. माळढोक आम्हाला दिसला नाही, काळवीट मात्र भरपूर दिसले. माळढोकाला लांबवर नजर पोचेल असं उघडं माळरान लागतं, झाडांची दाटी झाली की तो तिथं थांबत नाही. माळ म्हणजे पडीक जमीन, हे माझ्या डोक्यातलं समीकरण त्या दिवशी पुसलं गेलं. परत आल्यावर ठरवलं, एक तृतीयांश जागा गवताचीच ठेवायची. पवना आणि मारवेलचं बी एका शेतकऱ्याकडून आणलं. गाजरगवत हातानं उपटलं, दोन पावसाळे.

गवताला विरोध झालाच. "साप निघतील, लेकरं खेळतात तिथं." भीती खरी होती, ती उडवून लावणं मला पटलं नाही. कडेनं चार फूट रुंद पट्टा कायम स्वच्छ ठेवायचा, खेळायची जागा वेगळी आणि उघडी ठेवायची, असं ठरल्यावर त्याच आयांनी पट्टा झाडायची पाळी लावून घेतली.

पाण्याचं काम सगळ्यात अवघड. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, पाणी साठतं ते त्याच्या भेगांत. कॉलनीचा बोअर फेब्रुवारीतच कोरडा पडायचा. मी गच्चीवर फळ्यासारखं गणित मांडून दाखवलं. शंभर चौरस मीटर गच्चीवर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे पंचावन्न हजार लिटर, वाया जाणारं सोडलं तरी चाळीस हजार हाती लागतं. पाच घरांच्या गच्च्यांचं पाणी पाइपानं आणून बोअरभोवतीच्या खड्ड्यात सोडलं. खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी. पैशांवरून गाडं अडलं तेव्हा आक्काच बोलल्या, "सिद्धरामांनी तळं केलं तेव्हा टेंडर काढलं होतं का? लोकांनी माती वाहिली की." ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली ती गोष्ट सोलापुरात कुणाला सांगावी लागत नाही, त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला प्रत्येकजण त्या तळ्याकाठी जाऊन आलेला असतो. वर्गणी त्या आठवड्यात जमली. ज्यांना पैसे जमत नव्हते त्यांनी खड्डा खणला.

दुसऱ्या खेपेला फक्त चोवीस झाडं लावली: कडुनिंब, करंज, बोर, आपटा, काटेसावर. खड्डे तीन फुटी, त्यात काळी माती आणि शेणखत. प्रत्येक रोपाशेजारी कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, ते आठवड्यातून एकदा पाण्यानं भरायचं, म्हणजे पाणी हळूहळू मुळांशी झिरपतं. कडुनिंबाची पानगळ पूर्वी झाडून जाळली जायची, आता ती आळ्यात आच्छादन म्हणून जाते, उरलेली जाळीच्या पिंजऱ्यात ओल्या कचऱ्याबरोबर कुजते.

परीक्षा २०२३ ला झाली. पाऊस कमी झाला, उजनी धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं, आणि २०२४ चा उन्हाळा भयंकर गेला. चोवीसातली एकोणीस झाडं जगली. बोअर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालला, नंतर टँकर मागवावा लागलाच. त्या टँकरमधून प्रत्येक घरानं दोन बादल्या मडक्यांसाठी बाजूला काढल्या. तसं करायला मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता सातभाई पक्षी रोज येतात, भारद्वाज बोरीखाली फिरतो. पोरांच्या वहीचा तिसरा भाग सुरू आहे. येत्या रविवारी गवत कापायचं आहे, पण अर्धंच. उरलेल्याचं बी अजून गळायचंय, आणि टिटवी फिरते तो उत्तरेचा कोपरा कापायचा नाही, असं पोरांनी वहीत लाल पेनानं लिहून ठेवलंय.