मायच्या बांगड्या

वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव. माघातल्या पहाटे माय चुलीवर आंघोळीचं पाणी तापवत होती. पऱ्हाटीचा जाळ पदराला लागला आणि सिंथेटिक लुगडं अंगालाच चिकटलं. बाबांनी गोधडी टाकून विझवलं. मग एका शेजारणीने हळद लावली, दुसरीने टूथपेस्ट. तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, आता भेटेल त्याला सांगते: भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं पाणी ओतत राहायचं. बर्फ नाही, हळद नाही, दुसरं काहीच नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात नेल्याबरोबर सिस्टर कात्री घेऊन आली. "फोडा त्या बांगड्या." मायने तसाच भाजलेला हात छातीशी घेतला. "माहे मालक जित्ते हायेत, काहून फोडता?" सिस्टर चिडली, आम्हाला अडाणी म्हणाली. कारण कोणीच सांगितलं नाही. हात सुजू लागला होता आणि काचेच्या बांगड्या मनगटात रुतत होत्या.

तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या सिस्टर मायच्या डोक्याशी बसल्या, बाबांनाही जवळ बोलावलं. म्हणाल्या, "माय, हात अजून सुजेल, मग बोटांना रक्त पोचणार नाही. आपण बांगड्या वाढवून ठेवू. बरं वाटलं की नव्या भरू." मायने हात पुढे केला. काम तेच होतं, पण एका शब्दापायी दोन तास वाया गेले होते. मंगळसूत्र त्यांनी बाबांच्या हातात दिलं, तुळशीची माळ खाटेच्या दांडीला बांधली. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. बाबांना ते लागलं, पण मला पटलं. जळालेल्या बाईला एकटीने बोलता आलंच पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, वीस टक्के. आम्हाला वाटलं, थोडंच आहे. मग त्यांनी बाबांचा हात धरून दाखवलं की पेशंटचा बोटांसकट पंजा म्हणजे साधारण एक टक्का. असे वीस पंजे. माय ५० किलोची, म्हणून पहिल्या २४ तासांत सुमारे ४ लिटर सलाईन, त्यातलं निम्मं भाजल्यापासूनच्या पहिल्या ८ तासांत. म्हणजे घड्याळ घरापासूनच सुरू झालं होतं. ते दोन तास आठवून पोटात गोळा आला.

जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून कागदावर आलं: रोज चार अंडी. माय माळकरी. तिने ताट सरकवलं आणि कोणाला काही बोलली नाही. तीन दिवस ती पोळी अन् पातळ वरणावर होती, वजन उतरत होतं. शेवटी त्याच सिस्टरनी विचारलं, "माय, घरी काय खाता?" मग घट्ट वरण, दूध, शेंगदाणे, फुटाणे, पनीर, सोयाबीनच्या वड्या असं ठरलं. आम्ही सोयाबीन पेरतो, मळणी झाली की विकून टाकतो. घरात ते कधी शिजलंच नव्हतं.

मांडीची कातडी काढून छातीवर आणि काखेत लावली. खरी कसोटी त्यानंतरची. भाजलेला हात अंगाशी मिटून ठेवला की बरं वाटतं, आणि तसाच तो आखडून जातो. "हात वर करा" म्हटलं की माय रडायची. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी माळ पाहिली होती. त्यांनी विचारलं, "भजनात टाळ वाजवता का?" दुसऱ्या दिवशी मी घरून टाळ आणले. माय हरिपाठ म्हणायची, आणि प्रत्येक अभंगाला टाळ थोडे वर जायचे. बाजूच्या खाटेवरची बाईही सूर धरायची.

भाजल्याचे वण जाड होऊ नयेत म्हणून पट्ट्यांसारखा घट्ट कपडा दिवसाचे २३ तास घालायचा होता, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला जातो. माय घामाने निथळायची, खाजवायची, तरी काढत नव्हती. मी दोन जोड शिवून आणले, एक धुवायला, एक अंगात.

कार्तिकात ती पहिल्यांदा काकड्याला गेली. उजवा हात कानापर्यंत आला, डोक्यावर अजून जात नाही. डाव्या हातात बाबांनी आणलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. उजव्यात ती अजून भरत नाही. मनगट दुखतं म्हणते.