कॅश शोधायला जावं, तर पैसा सापडतो

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने शोधायचा आणि आतल्या वहीत सही करायची, असा खेळ. तो खेळणारे त्या डब्याला ‘कॅश’ म्हणतात, आणि त्यातून व्हायचा तो घोळ होतोच. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कठड्यापाशी ओणवं होऊन दगडांच्या फटीत बॅटरी मारणाऱ्याला वॉचमनने विचारलं, “काय शोधताय?” आणि त्याने खरं ते सांगितलं, की पुढची दहा मिनिटं खुलाशात जातात. शिट्टी वाजली तर पंधरा. पण ठाण्यात किंवा नवी मुंबईत जून-जुलैत कॅश शोधायला निघालं, की कॅश मिळो न मिळो, पैसा हमखास मिळतो. तोच तो किडा, काळपट-तांबूस, पायांची झालर लावलेला, काडी लागताच नाण्यासारखा गोल होणारा. डब्याच्या बुडाशी ओल आणि कुजका पाला असला की चार-पाच पैसे एका जागी. चावत नाही, पण घाबरला की अंगातून उग्र वासाचा रस सोडतो. त्याचा तपकिरी डाग बोटावर काही दिवस राहतो, आणि तेच बोट चुकून डोळ्याला लागलं तर त्या दिवसाचा खेळ तिथेच आटोपतो. काडीने बाजूला सारावा, झालं.

खेळ तसा सोपा. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र एका रात्रीत नेमकं झालं. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉनमध्ये एक बादली रानात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, गलोल, थोडे पैसे आणि बीन्सचा एक डबाबंद कॅन होता. म्हणजे पहिल्या कॅशमध्ये खरोखरची कॅश होती. बीन्स मात्र आजच्या नियमात बसले नसते. डब्यात खायचं काहीही ठेवायचं नाही, चॉकलेट नाही, गोळ्या नाहीत, वासाची साबणवडीसुद्धा नाही. ठाण्याच्या येऊर डोंगराच्या पायथ्याशी बिस्किटाचा पुडा घालून डबा ठेवला तर तो माकडांच्या हाती लागायला दुपार उजाडावी लागत नाही. झाकण सापडतं एका झाडाखाली, वही दुसऱ्या.

आपल्याकडे नियमाची दुसरी पायमल्ली जास्त होते, आणि तीही सद्भावनेने. वहीला ओल लागू नये म्हणून लोक पुरचुंडीत तांदूळ बांधून ठेवतात, मिठाच्या बाटलीत ठेवतात तसे. महिन्याभरात त्यात पोरकिडे होतात, पोरकिड्यांमागे मुंग्या येतात, मग उंदीर डब्याचा कोपरा कुरतडतो आणि भोकातून पाणी आत. सिलिका जेलची दोन-तीन ग्रॅमची पुडी घालावी आणि ती दर पावसाळ्याआधी बदलावी. घट्ट डब्यातही ओल शिरते, कारण दुपारी तापलेली आतली हवा फुगून थोडी बाहेर पडते आणि संध्याकाळी डबा गार झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. झाकणाच्या रबराच्या कड्यात वाळूचा एक कण अडकला तरी एवढं पुरतं.

या खेळातली मुख्य भानगड अशी की लपवणारा जशी जागा शोधतो, नेमकी तशीच जागा बाकीच्यांनाही हवी असते. कोरडी, अंधारी, पावसाच्या तडाख्यातून सुटलेली, वाटसरूला न दिसणारी, तरी उन्हाची ऊब पोचणारी. चिऱ्याच्या भिंतीतला निखळलेला दगड, वडाच्या मुळांतली खोबण, पुलाच्या कठड्याचा पोकळ पाइप. माणसाने डबा ठेवण्याच्या कितीतरी आधी पाली, गोमी, विंचू यांनी या जागा हेरलेल्या असतात, आणि त्यांच्या दृष्टीने डबा म्हणजे आयती खोली. त्यात आपल्याकडे खेळणारे मोजके. डबा महिनोन्महिने कुणी उघडत नाही, मग बिऱ्हाड थाटायला वेळच वेळ.

भर घालतो फोन. मोकळ्या मैदानात जीपीएस चार-पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो, पण झाडीत किंवा टॉवरांच्या मध्ये संकेत आपटून येतात आणि चूक दहा-पंधरा मीटरवर जाते. दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे तीनशेहून अधिक चौरस मीटर जागा, आणि तेवढ्या जागेतलं प्रत्येक भोक संशयित. प्रत्येकात हात घालायचा की काय? म्हणूनच डबा ठेवणाऱ्याने अॅपवरचा इशारा, म्हणजे जागेची खूण, नीट लिहावा. इशारा इंग्रजी अक्षरं तेरा घरं पुढे सरकवून लिहिलेला असतो, बटण दाबलं की उलगडतो. “भिंतीत बघा” असा इशारा देणाऱ्याला तीन पावसाळे त्याच भिंतीसमोर उभं करावं. “पायरीपासून तिसरा चिरा, गुडघ्याच्या उंचीवर” असं लिहिलं की नको त्या बिळांत बोटं जात नाहीत.

हात घालायची पद्धत ठरलेली आहे. मीटरभर लांबीची काठी घ्यावी. फटीच्या कडेला दोन-तीनदा टकटक करून अर्धा मिनिट थांबावं. टकटक ऐकू येते म्हणून नव्हे, तिचा हादरा दगडातून आतपर्यंत जातो आणि जाऊ शकणारा प्राणी निघून जातो. दिवसाही बॅटरी मारावी, तीसुद्धा समोरून नको, तिरकी, म्हणजे सावल्या पडतात आणि खवले, नांग्या, मिशा उठून दिसतात. डबा काठीने बाहेर ओढावा, बोटांनी नाही. मग मोकळ्या जमिनीवर ठेवून, झाकणाची बिजागरी आपल्याकडे येईल असं बसून उघडावा. झाकण ढालीसारखं मध्ये राहतं आणि आत जो असेल तो पलीकडच्या बाजूने पळतो. उलटं बसून उघडलं की तो मांडीवर येतो. बहुतेक वेळा ती घरपालच असते, पण त्या क्षणी मन एवढा बारकावा पाहत नाही. चामड्याचे बागकामाचे हातमोजे विंचवाला आणि काट्यांना पुरतात; घोणसीच्या दातांसमोर त्यांच्यावर विसंबू नये.

विंचवासाठी एक सुरेख साधन या खेळाच्या पिशवीत आधीच असतं. काही डब्यांची कोडी अदृश्य शाईने लिहिलेली असतात, ती वाचायला ३९५ नॅनोमीटरची जांभळी (अतिनील) बॅटरी लागते. तीच बॅटरी अंधारात विंचवावर पडली की विंचू हिरवट-निळा चमकतो, लग्नाच्या हॉलमधल्या रेडियमच्या चांदणीसारखा. पारसिकच्या किंवा खारघरच्या उतारावर, मे महिन्यातल्या तापलेल्या दगडांत, अंधार पडल्यावर ही बॅटरी फिरवली तर बसायला जागा कुठे आहे आणि कुठे नाही ते लख्ख कळतं. फसगत एका ठिकाणी होते. नुकतीच कात टाकलेला विंचू कातडं कडक होईपर्यंत चमकत नाही. त्यामुळे “चमकलं नाही, म्हणजे नाही” असा हिशेब चालत नाही. लाल विंचू आकाराने लहान पण नांगी भारी. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हात-पाय गार पडणं सुरू झालं तर घरगुती इलाजात वेळ घालवू नये. यावर प्राझोसिन हे औषध चालतं हे दाखवून दिलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, त्यांचं काम १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. कोकणातल्या विंचवाचं उत्तर कोकणातच सापडलं, हे जाता जाता.

सापांबद्दल बोलताना सगळे नागापासून सुरुवात करतात. डब्यापाशी खरा गोंधळ घालतो तो कवड्या. बिनविषारी, भिंतीवर सरसर चढणारा, पालींच्या मागावर फटीत शिरणारा. पाली डब्यात, म्हणून कवड्या डब्याशी. दिसतो मात्र मण्यारीसारखा. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त स्पष्ट होतात. हे पुस्तकात वाचायला छान आहे. बॅटरीच्या उजेडात, अर्धा साप फटीत असताना, हा पट्ट्यांचा अभ्यास कुणी करू नये. दोन मीटर मागे सरावं आणि डबा त्याला द्यावा. घोणस असेल तर ती स्वतःच सांगते, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा लांबलचक फुत्कार टाकते. फुरसं खवले एकमेकांवर घासून तव्यावर पाणी टाकल्यासारखा आवाज काढतं. पावसात येऊरच्या बांबूंत चापडा असतो, तो काहीच सांगत नाही, हिरव्या पानांत हिरवा बसून राहतो. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी आहे. चापड्याचा त्यात समावेश नाही. दंश झाला तर अंगठी, घड्याळ, कडं आधी काढावं, कारण सूज येते. दोरी बांधू नये, चिरू नये, चोखू नये, तो भाग हलू न देता गाडीत बसवावं, १०८ला फोन करावा. आणि साप डब्यातच ठाण मांडून बसला असेल तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

येऊरचं रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, त्यामुळे आत परवानगीशिवाय डबा ठेवायचा नाही, हे सांगायची गरज पडू नये. पण बिबट्याने हद्दीचा नकाशा पाहिलेला नसतो. घोडबंदर रोडच्या वरच्या अंगाच्या सोसायट्यांना हे माहीत आहे. आता, जिओकॅशिंगमध्ये माणूस काय करतो? झुडपापाशी उकिडवा बसतो, मान खाली, हालचाल कमी, तीही सांजवेळी. उभा माणूस बिबट्याच्या हिशेबात भक्ष्य नसतो. उकिडवा बसलेला माणूस उंचीने कुत्र्याएवढा दिसतो. म्हणून डोंगरालगतचे डबे उजेडात शोधावेत, एकाने बसावं, दुसऱ्याने पाठ राखत उभं राहून गप्पा माराव्यात. दिसलाच तर धावू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे यावं. गप्पांचा विषय काहीही चालतो.

खाडीकडची तऱ्हा निराळी. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५पासून संरक्षित आहे आणि २०२२मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तेव्हा डबा ठेवायचा तो बाहेर, पदपथाच्या कठड्याला, चुंबकाची चावीपेटी लावून. तरी माणसं शंभर पावलं आत चिखलात उतरतातच, फोनमधला बाण तिकडे दाखवतो म्हणून. उतरण्याआधी निदान कोळ्यांचं गणित करावं: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. खाडीत आत, ऐरोली-ठाण्याकडे, पाणी जरा उशिरा पोचतं. अमावास्या-पुनवेच्या उधाणात चिखल बघता बघता दिसेनासा होतो.

तिथे डब्याऐवजी भेटते निवटी. मासा असून चिखलावर उड्या मारत जाते, डोळे डोक्यावर चिकटवल्यासारखे, आणि जवळ गेलं की एका झेपेत बिळात. शेजारी एक नांगी लहान आणि एक अवाढव्य असलेले नर खेकडे ती नांगी हलवत असतात, जणू रिक्षा थांबवतायत. आणि खारघर-ऐरोलीच्या खारफुटीत संध्याकाळी जो ‘कुत्रा’ शेपूट खाली सोडून दुडक्या चालीने आडवा जातो, तो नीट पाहावा. झुपकेदार शेपटीचं टोक काळं असेल तर तो सोनेरी कोल्हा. लांबूनच पाहावा. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि रेबीजची लस त्याच दिवशी.

कुंभारमाशी बिचारी कुणाच्या वाट्याला जात नाही, पण डब्याच्या पाइपाचं तोंड चिखलाने लिंपून टाकते. आत बेशुद्ध केलेले कोळी किंवा अळ्या, पिलांसाठी भरलेलं कोठार. ते फोडू नये. काही आठवड्यांत माशी गोल भोक पाडून निघून जाते. ऑगस्टनंतर वाटेवर चेहऱ्याच्या उंचीला मोठ्या कोळिणींची जाळी असतात, काठी पुढे धरून चालावं. आणि कधीतरी, पावसाळ्यात, झाकणालगत वीतभर पंखांचा ॲटलस पतंग बसलेला असतो. त्याला तोंड असून नसल्यासारखं, खाता येत नाही, आयुष्य जेमतेम आठवड्याचं. त्याला उठवून वहीत सही करण्याएवढी घाई कुणाला नसते.

पालीच्या अंड्यांचं मात्र ठरवावं लागतं. डबा उघडला आणि वहीवर वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी दिसली तर डबा आडवा-तिरका करायचा नाही. अंडं लोळलं की आतलं पिल्लू बहुधा जगत नाही. जसं होतं तसं झाकण लावून त्याच जागी ठेवावं, अॅपवर डब्याच्या मालकाला कळवावं, तो डबा तात्पुरता बंद करतो. दीड-दोन महिने लागतात. तोवर सही नाही, फोटो पुरतो. नंतर कवचं फुंकरीने उडतात. सोबतची लेंडी, टोकाला पांढरा ठिपका असलेली, वाळू द्यावी आणि मगच पान झटकावं. ओली असताना पुसली तर डाग पसरतो आणि आधीच्यांच्या सह्या जातात.