फ्लायव्हीलचे बोल्ट

आज गिअरबॉक्स खाली होता, फ्लायव्हीलचे (क्रँकशाफ्टच्या टोकाला बसणाऱ्या जड चाकाचे) बोल्ट शोधण्यातच दुपार गेली. "हार्डवेअरच्या दुकानात मिळतो की एम १०" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

साध्या एम १० (१० मिमी व्यासाच्या) बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिमी. फोक्सवॅगनच्या १.९ टीडीआय डिझेल इंजिनाला लागतो १.०. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे बरा जातो, मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की क्रँकशाफ्टचे आटे गेले. पिच गेज लावा, व्हर्नियरने लांबी मोजा. डोक्याची जाडीही बघा, जाड डोकं क्लच प्लेटच्या हबला घासतं. बोल्ट लांब असेल तर भोकाच्या तळाला टेकतो: टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला आवाज करणारा पाना) 'कट्' करतं, फ्लायव्हील मात्र सैलच. डोक्यावर मजबुतीचा आकडा १०.९ किंवा १२.९ हवा, ८.८ नकोच. खाली स्प्रिंग वॉशरही नको.

जुने बोल्ट परत वापरायचा मोह टाळा. ६० न्यूटन-मीटर आणि वर ९० अंश, असं कसताना ते ताणले जातात आणि पुन्हा तेवढी पकड देत नाहीत. हे आकडे याच इंजिनाचे, तुमच्या गाडीचे मॅन्युअलमध्ये बघा. काही इंजिनांत भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडतात. तिथे आट्यांना सीलंट नसेल तर तेल झिरपून क्लचवर येतं आणि दोष ऑइल सीलला जातो.

भोकातलं जुनं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद) साफ करा, तेल पुसा, मग समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने कसा. पार्ट नंबरवरून पूर्ण सेटच मागवा.