सँटोरिनीची कॅटमरान सफर: जळगाव-धुळ्याहून जाणाऱ्यांसाठी

जुलै-ऑगस्टात ग्रीसच्या सँटोरिनी बेटाभोवतीच्या एजियन समुद्रावर मेल्टेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. तो वाढला की बोटी बंदरातच राहतात. म्हणून बुकिंग मुक्कामाच्या सुरुवातीलाच करा, सफर पुढे ढकलायला दिवस उरतात.

कॅटमरान म्हणजे दोन सांगाड्यांची बोट. ती फारशी कलत नाही, पण समोरून लाट आली की दणके देते. पुढच्या जाळीवर फोटो झकास येतात, भिजायलाही तिथेच होतं. मळमळणाऱ्याने मागे बसावं, नजर क्षितिजावर ठेवावी. गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

ऊन फसवं. भुसावळच्या ४५ अंशांना सरावलेल्याला ते किरकोळ वाटतं, कारण वारा गार असतो. संध्याकाळी खांदे सोलून निघतात.

निआ कामेनी या ज्वालामुखी बेटाजवळच्या गरम झऱ्यापर्यंत बोट जात नाही. खोल, गार पाण्यातून पोहावं लागतं. तापीत पोहणाऱ्यांनीही लाइफ जॅकेट मागून घ्यावं. आणि उनपदेवासारखं कढत पाणी मिळेल ही आशा नको, ते कोमटच असतं. गंधक-लोहाने फिके कपडे तांबूस होतात, डाग जात नाहीत. जुनं, गडद काहीतरी घाला.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. ऐनवेळी सांगितलं तर सॅलड-पावावर भागवावं लागतं.