शनिवार ते शनिवार

शनिवार
सव्वाचारला किल्ली हातात पडली. लेक-जावई फ्रान्समध्ये तुलूझला असतात. तिथून गाडीनं तास-सव्वा तासावर, द्राक्षमळ्याच्या कडेला हे दगडी घर आठवड्यासाठी घेतलंय. अशा घराला इथे 'झीत' म्हणतात. भांडीकुंडी, चूल, पलंग आयते. बाकी सगळं आपलं आपण. चादरी-टॉवेलसुद्धा घरून आणलेत, त्यांचे पैसे वेगळे पडतात म्हणून. टेबलावर सूचनांची दोन पानं होती, लेकीनं वाचून दाखवली. संडासात कागदाखेरीज काही टाकू नका. काचेच्या बाटल्या रस्त्याच्या टोकाच्या डब्यात टाका. निघताना घर झाडूनपुसून द्या, नाहीतर अनामतीतून पैसे कापले जातील. हे म्हणाले, "सुट्टीवर आलोय की बदलीवर?"

समोर टेकडीवर कॉर्द-स्युर-सिएल. 'सिएल' म्हणजे आकाश. नावाला हे शेपूट लागलं 1993 साली. गाव मात्र 1222 चं.

रविवार
बेकरीत बारापर्यंत पोचलो म्हणून पाव तरी मिळाला. दुपारनंतर सगळं बंद.

सोमवार
आजही अर्धी दुकानं बंदच. लाल मसूर सोबत आणले होते, त्यांची आमटी. कपाटात प्रेशर कुकर सापडला म्हणून मी हरखले, पण त्याला शिट्टीच नाही! वर एक फिरकी, ती गरगर फिरत एकसारखी फुसफुसत राहते. "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर" या वाक्यावर तीस वर्षं संसार केलेल्या बाईनं काय मोजायचं? शेवटी घड्याळ लावलं. मसुराचं पीठ झालं. पोळ्यांचा नाद मी कालच सोडलाय. आमटीत पाव बुडवून खाल्ला. जावई दोनदा वाढून घेतो, म्हणजे बरी झाली असावी.

मंगळवार
आज वर गेलो. चढ सह्याद्रीतला नव्हे, पण दगडी फरसबंदीवर गुडघे बोलतात. एका जिन्याचं नाव 'पातेर नोस्तेर'. ख्रिस्ती लोकांच्या त्या प्रार्थनेत जेवढे शब्द, तेवढ्या पायऱ्या म्हणे. मी मोजायला लागले आणि मध्येच धाप लागून चुकले.

गडावर गेलं की आपण आधी पाणी कुठे ते बघतो. इथेही नजर तेच शोधत होती. सापडलं ते थेट बाजाराच्या छपराखाली: चोवीस दगडी खांबांची चावडीसारखी जागा आणि तिथे 114 मीटर खोल विहीर. 114! एवढ्या उंच टेकडीच्या माथ्यावरून कातळ फोडत खाली जायचं, तेव्हा पाणी. हौस म्हणून कुणी एवढं खणत नाही. कॅथर पंथीयांविरुद्ध, म्हणजे चर्चनं पाखंडी ठरवलेल्या इथल्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध, उत्तरेकडून धर्मयुद्ध आलं होतं, शेजारचं गाव उद्ध्वस्त झालं होतं, आणि तुलूझचा काउंट सातवा रेमों यानं या टेकडीवर तटबंदीचं नवं गाव वसवलं. याच विहिरीत पाखंड्यांना हुडकणाऱ्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या तिघांना लोकांनी ढकललं, अशी कथा सांगतात. इतिहासकार मानत नाहीत, गाव मानतं.

पुढे कापड आणि चामड्याच्या धंद्यावर व्यापारी गबर झाले. त्यांची वाडेवजा घरं अजून उभी आहेत. एकाच्या दर्शनी भिंतीवर शिकारीची चित्रं कोरलीत: डुक्कर, ससा, कुत्री. बाकी वर काय? चित्रकारांची दालनं, बदामाची कुरकुरीत बिस्किटं, आमच्यासारखे दमलेले लोक. भाजी, पाव, औषध सगळं खालच्या वस्तीत. संरक्षणासाठी वर गेलेलं गाव पोटासाठी पुन्हा खाली उतरलंय.

बुधवार
सकाळी उठले तर समोर गावच नाही. सेरू नदीच्या खोऱ्यात धुकं भरतं आणि वर गाव तरंगतं, ती प्रसिद्ध तसबीर याच धुक्याची. आम्ही त्या तसबिरीच्या तळाशी, चहा पीत. जावयानं गाडी काढून समोरच्या टेकडीवर नेलं, तेव्हा कुठे दिसलं. आठ-दहा मिनिटंच, पण दिसलं.

गुरुवार
आज जवळचं आल्बी शहर. 1282 मध्ये सुरू झालेलं विटांचं कॅथेड्रल. बाहेरून चर्च कसलं, बुरूजच. धर्मयुद्ध जिंकलेल्यांनी बांधलेलं, ते लपत नाही. आत मात्र इंचभर भिंत रंगवायची सोडलेली नाही. संध्याकाळी शेजारच्या मळेवाल्यानं द्राक्षांचे दोन घोस दिले. त्या जातीच्या नावाचा अर्थ लेक सांगते 'डोळ्यापासून दूर': देठ लांब असतो, घोस वेलीच्या डोळ्यापासून लांब लोंबतो म्हणून. आपल्याकडेही वेलीवरच्या अंकुराला डोळाच म्हणतात. मला फार गंमत वाटली.

शुक्रवार
दिवसभर साफसफाई. ओव्हन घासताना यांनी पुन्हा बदलीचा विषय काढला.

शनिवार
इथला आठवडी बाजार शनिवारी सकाळी. झीतचा करार शनिवारी चारला सुरू, शनिवारी दहाला संपतो. म्हणजे येताना बाजार उठलेला, आणि जाताना घर मोकळं करायची घाई! हा हिशेब माझ्या आज लक्षात आला. पावणेदहाला किल्ली दिली आणि भरली गाडी तशीच खालच्या वस्तीत नेली. अंजिरं, शेळीच्या दुधाचं चीज, आणि एका टेबलावर लोत्रेक गावचा गुलाबी लसूण, देठांसकट जुडी बांधलेला. आठवडाभर पिशवीतल्या फुसक्या पाकळ्यांवर फोडण्या दिल्या होत्या मी. दोन जुड्या घेतल्या. डिकीत जागा नव्हती, म्हणून तुलूझपर्यंत मांडीवर.