अडीच गिगाबिटचा स्विच बसवल्यानंतरची नोंद

घरातल्या नेटवर्कची भिंतीतली केबल तूर्त तशीच ठेवून आधी स्विच (उपकरणे केबलने एकमेकांना जोडणारा डबा) बदलायचा, असे मागच्या नोंदीत ठरले होते. त्यानुसार जुना गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच काढून अडीच गिगाबिटचे पोर्ट असलेला नवा बसवला. इंटरनेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. अभ्यासाच्या खोलीत स्पीड टेस्टचा आकडा आधीही ९४ च्या आसपास होता आणि आताही तेवढाच राहिला.

हा ९४ फार बोलका आकडा आहे. १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीवर हेडर (डेटासोबत जाणारी पत्त्यासारखी माहिती) वगैरेंचा भार वजा जाता साधारण एवढेच हाती लागते. त्यामुळे आकडा तिथेच अडकला असेल, तर इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवण्याआधी घरातली जोडणी कितीवर जुळली आहे ते पाहावे. लॅपटॉपवर लिंक स्पीड १०० च दिसत होता. भिंतीवरचे सॉकेट उघडल्यावर केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडीतली एक तार खाचेत अर्धवट बसलेली आढळली. १०० च्या जोडणीला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला मात्र चारही लागतात. एखादी जोडी निकामी असली, की बहुतेक उपकरणे तक्रार न करता १०० वर उतरतात. पंच-डाउन टूलने (तार खाचेत दाबून बसवण्याच्या अवजाराने) ती तार नीट दाबून बसवताच प्लॅनचा पूर्ण वेग मिळू लागला. जुना स्विच परत लावून पाहिला, तरी तो तेवढाच राहिला.

मग नव्या स्विचचा उपयोग काय? इंटरनेटसाठी शून्य, कारण ओएनटीचा (इंटरनेट कंपनीची फायबर जिथे येते त्या डब्याचा) पोर्टच गिगाबिटचा आहे आणि प्लॅन त्याहूनही कमी. घरातल्या घरात मात्र फरक मोठा आहे: अडीच गिगाबिटचे पोर्ट असलेल्या दोन संगणकांमध्ये आयपर्फ३ या वेग मोजण्याच्या प्रोग्रॅमने मोजले असता ९४० एमबीपीएसवरून आकडा सुमारे २३५० वर गेला, आणि तोही भिंतीतल्या जुन्या कॅट ५ई केबलवरच. यात नवल नाही, कारण २०१६ चे ८०२.३बीझेड हे अडीच आणि पाच गिगाबिट इथरनेटचे मानक अशाच आधीपासून टाकलेल्या केबल डोळ्यांसमोर ठेवून आखले गेले.

दुकानदार कॅट ८ ही वरच्या दर्जाची केबल पुढे करतात. ती डेटा सेंटरमधल्या ३० मीटरपर्यंतच्या जोडण्यांसाठी आहे. घरात तिचा जाडपणा तेवढा अनुभवायला मिळतो. त्यापेक्षा केबल शुद्ध तांब्याची आहे ना, हे तपासावे. तार ब्लेडने खरवडल्यावर आत चंदेरी रंग दिसला, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम समजावे आणि पीओई कॅमेऱ्यांसाठी (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणाऱ्या) तरी ती केबल वापरू नये.

आता स्वयंपाकघराकडच्या सॉकेटच्या आठही तारा तपासायच्या आहेत.