तुम्ही विचारलंत म्हणून : हे पाकीट बोटीवर टाकले, हे कशावरून?

घरी आलेला पाहुणा माझ्या संग्रहातील एक पाकीट उजेडात धरून उलटसुलट पाहतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो : "यावर बोटीचे नाव नाही, चित्र नाही, मग हे भरसमुद्रात टाकलेले पत्र आहे, असे तुम्ही कशावरून म्हणता?" समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर आत राहणाऱ्या माणसाने आगबोटींच्या टपालाबद्दल ठामपणे बोलावे, हेच अनेकांना खटकत असावे. तोंडी उत्तर देताना माझ्याकडून नेमका मधला दुवा सुटतो, म्हणून ते एकदा लिहूनच ठेवतो.

पाकीट दिसायला अगदी साधे आहे. त्यावर इंग्लंडचे, पंचम जॉर्जचे तपकिरी दीड पेनीचे तिकीट आहे, पण तिकिटावरचा शिक्का मुंबईचा आहे. शेजारी रोमन अक्षरांत 'पाकबो' असा दुसरा ठसा आहे. पत्ता एका वकिलांचा असून शेवटी 'औरंगाबाद, डेक्कन' असे लिहिले आहे. बिहारमध्येही एक औरंगाबाद असल्यामुळे 'डेक्कन' हा शब्द शोभेचा नव्हता. तो नसता तर पत्र गंगेच्या खोऱ्यात फिरून आले असते. मागच्या बाजूला इथल्या, म्हणजे औरंगाबादच्या, इंग्रजी टपाल कचेरीचा पोचीचा शिक्का आहे. इथे इंग्रजी कचेरी कशी, असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो, की निजामाच्या टपालाची तिकिटे संस्थानाच्या हद्दीबाहेर चालत नसत. १९३१ च्या निजामी मालिकेत एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मनोरा मोठ्या दिमाखात उभा आहे, पण ते तिकीट लावून मुंबईला साधे पत्रसुद्धा पाठवता येत नव्हते.

पाकीट मला जुन्या बाजारात मिळाले. त्याच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा मोठा डाग आहे, आणि त्या डागाच्या जोरावर विक्रेत्याने ते बुडालेल्या बोटीतून वाचलेले टपाल असल्याचे सांगून चौपट भाव मागितला. समुद्रात भिजलेल्या टपालाची तिकिटे डिंक विरघळल्याने बहुतेक वेळा गळून पडतात, आणि उशीर का झाला हे सांगणारा ठसा टपालखाते त्यावर मारते. इथे तिकीट घट्ट चिकटलेले आहे आणि तसा ठसा कुठेही नाही. डागाच्या कडेला पिवळसर मातीची रेघ आहे. ज्यांनी मराठवाड्यातील जुन्या वाड्यात एखादा पावसाळा काढला आहे, त्यांना ती रेघ ओळखू येईल : तो डाग गळक्या माळवदाचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तिकीट एका देशाचे आणि शिक्का दुसऱ्या देशाचा, ही विसंगती हाच पहिला पुरावा. एरवी लंडनहून निघालेल्या पत्राचे तिकीट लंडनमध्येच रद्द होते. परंतु १८९१ च्या व्हिएन्ना येथील जागतिक टपाल संघाच्या परिषदेपासून अशी मुभा आहे, की भरसमुद्रात टाकलेल्या पत्राला ज्या देशाचे निशाण बोटीवर असेल त्या देशाचे तिकीट लावावे आणि पुढच्या बंदरावरील टपाल कचेरीने ते रद्द करावे. परक्या तिकिटावर आपला शिक्का का मारला, याचा खुलासा म्हणून 'पाकबो' हा शब्द १८९७ च्या वॉशिंग्टन परिषदेने ठरवला. टपाल संघाची भाषा फ्रेंच असल्याने शब्द फ्रेंच आला. गंमत अशी, की फ्रेंचांनी तो मुळात इंग्रजीतील 'पॅकेट बोट', म्हणजे टपाल नेणारी बोट, यावरूनच घेतला होता.

इथे माझी एक जुनी चूक कबूल केली पाहिजे. 'सी पोस्ट ऑफिस' असा शिक्का असलेले एक पाकीट मी कित्येक वर्षे बोटीवर लिहिलेले पत्र म्हणून मिरवत होतो. प्रत्यक्षात ते बोटीवरचे वर्गवारीचे कार्यालय होते. १८६८ पासून १९१४ च्या महायुद्धापर्यंत विलायतेहून येणारी डाक टपालखात्याचे लोक बोटीवरच गावोगावच्या थैल्यांत लावत, म्हणजे मुंबईला उतरताच थैल्या थेट आगगाडीत चढवता येत. त्या शिक्क्याची पत्रे जमिनीवरच्या पेटीत टाकलेली असतात आणि त्यांची तिकिटेही तिथेच रद्द झालेली असतात.

पत्र समुद्रात नेमके कुठे टाकले, याचे उत्तर विलायतेहून येताना मुंबईच्या आधी लागणाऱ्या अदन बंदरामुळे मिळते. अदनचा टपाल कारभार १९३७ पर्यंत भारतीय टपालखात्याकडे होता आणि तिथे भारतीय तिकिटेच चालत. पत्र अदनला उतरले असते, तर त्यावर अदनचा शिक्का पडला असता. बंदरावर जाऊन टाकले असते, तर तिकीट भारतीय असते. या दोन्ही गोष्टी नाहीत, म्हणून ते अदन सुटल्यानंतरच्या सुमारे साडेसोळाशे सागरी मैलांच्या पट्ट्यात, म्हणजे चार-पाच दिवसांच्या प्रवासात, बोटीवरील पेटीत पडले असावे. मुंबईहून ते मनमाडला आले आणि तिथे निजामाच्या रेल्वेच्या मीटरगेज गाडीत चढले. मुंबईचा शिक्का ११ नोव्हेंबरचा आणि इथला १२ चा आहे.

मात्र साल दोन्ही शिक्क्यांत उमटलेले नव्हते, आणि साल नसेल तर बोट शोधणे व्यर्थ. दीड पेनीचा दर १९२२ पासून १९४० पर्यंत होता, तेव्हा त्यावरूनही काही ठरत नव्हते. ही अडचण सुटली ती पाकिटाच्या मागच्या कोपऱ्यातील बारीक मोडीमुळे. मी ती ओळ आकडेमोड समजून सोडून दिली होती. मोडी वाचणाऱ्या एका शेजारच्या काकांनी ती क्षणात वाचली : "पावले, १३३७ फसली." वकिलांच्या कारकुनाने आवक नोंदवताना निजामी कचेऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे फसली साल घातले होते. हैदराबाद संस्थानाचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखांसाठी त्यात ५९० मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१. नोव्हेंबर म्हणजे ५९०. साल निघाले १९२७. मुंबईच्या टपालखात्याला जे नीट उमटवता आले नाही, ते इथल्या कारकुनाच्या बोरूने सांगितले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्यानंतर मुंबईच्या वृत्तपत्रांतील बंदराच्या बातम्या चाळल्या. इटालियन बोटी आपोआप बाद झाल्या, कारण त्यांच्यावर इंग्लंडचे तिकीट चालले नसते. उरल्या एकापाठोपाठ आलेल्या दोन ब्रिटिश बोटी. संग्रहाच्या पानावर 'अदन ते मुंबई, नोव्हेंबर १९२७' हे शाईने लिहिले आहे आणि बोटींची दोन्ही नावे पेन्सिलीने. त्यातले अधिक प्रसिद्ध नाव शाईने गिरवले तर किंमत वाढेल, असे एका जाणकाराने सुचवले होते. तो सल्ला मी ऐकून सोडून दिला.

पाहुण्यांचा दुसरा प्रश्न असा असतो, की लिहिणारा त्याच बोटीने येत होता, तर पत्र पाठवायचे कारण काय? मुंबईला चार दिवस मुक्काम असणाऱ्या माणसाचे पत्र त्याच्या आधी घरी पोहोचते, एवढेच त्याचे उत्तर. पत्ता पाहता लिहिणारा वकिलांच्या घरचाच कोणी असावा, असा माझा कयास आहे. आतला कागद मात्र नाही. त्या काळी वृत्तपत्रे बोटीने आलेल्या प्रवाशांची नावेही छापत असत. पुढच्या खेपेस मुंबईला गेलो, की त्या आठवड्याच्या याद्या पाहणार आहे. वकिलांचे आडनाव एखाद्या यादीत सापडले, तर पेन्सिलीचे एक नाव पुसता येईल.